उसातली पाहुणी

‘तिला नाव ठेवायचं न्हाई, आत्ताच सांगून ठेवते समद्यांस्नी.’

आत्याचा आवाज सोप्यावरून आला. मी आत माजघरात कणगीला टेकून बसले होते. अंगावर घोंगडी होती आणि जिभेवर तापावरच्या कोयनेलचा कडूपणा. आदल्याच दिवशी कोरेगाव स्टेशनावरून बैलगाडीने मी या घरी पोचले होते.

बाहेर कुणीतरी हसलं आणि म्हणालं, हाक मारायला काहीतरी नको का. त्यावर आत्या म्हणाली, ‘हाक मारायचीच कशाला? चार म्हैनं ऱ्हाईल, बरी हुईल, आपल्या वाटंला लागंल. उगं लळा लावू नगा कुणी.’

ते माझ्याबद्दलच आहे याविषयी मला शंकाच आली नाही. चार महिने राहणार, बरी होणार, आपल्या वाटेला लागणार, सगळं जुळत होतं. हिवतापाने मला शाळेतून घरी आणि घरून इथे पाठवलं होतं. वडिलांची बहीण खेडेगावात असते, तिथली हवा कोरडी आहे, एवढ्यावर. आणि नावं ठेवण्यासारखं मी पहिल्याच संध्याकाळी करून ठेवलं होतं. आत्याचे दीर, ज्यांना सगळे तात्या म्हणत, त्यांनी मला उंबऱ्यात पाहून विचारलं होतं, ‘कवा आलीस?’ मी घड्याळ पाहून अगदी नेमकी वेळ सांगितली. चुलीपाशी बसलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. ‘कवा आलीस’ला ‘ही काय, आत्ताच’ एवढंच उत्तर असतं, तो प्रश्न नसून रामराम असतो, हे आमच्या शाळेत शिकवत नसत. तिथे मराठी बोललं तर दंड होता.

म्हणजे आत्या माझी बाजू घेत होती. पोरीला नावं ठेवू नका म्हणत होती. माझे डोळे भरून आले. मी घोंगडी सावरत दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं.

सोप्यात गुऱ्हाळावरचा गुळव्या बापू बसला होता. गूळ करण्याची सगळी भिस्त त्याच्यावर, म्हणून तात्याही त्याला जरा मान देत. त्याने डोक्याचं मुंडासं सोडून मांडीवर घेतलं होतं आणि त्या मुंडाशाच्या घड्यांतून राखाडी रंगाचं, मुठीएवढं, उंदरासारख्या तोंडाचं काहीतरी डोकावत होतं. त्याचे डोळे मला दिसले. एक कान अर्धा जळालेला होता.

आत्या नावं ठेवण्याबद्दल बोलत नव्हती. नाव ठेवण्याबद्दल बोलत होती. एका अनुस्वाराचा फरक, आणि तो कानाने पकडण्याइतकं माझं मराठी पक्कं नव्हतं. मी परत कणगीशी जाऊन बसले. मात्र भरून आलेलं इतक्या लवकर ओसरत नाही, आणि मला वाटतं, त्या घरावर माझा जीव जडला तो या गैरसमजातूनच.

यंदा पुन्हा गुऱ्हाळं लागली आहेत. सांगलीत आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिच्यापुढे मळे, आणि मळ्यांपुढे नदी. वारा पलीकडून वाहू लागला की दुपारी तो वास येतो. गुळाचा वास एक नसतो. आधी कच्च्या रसाचा हिरवट वास, मग मळी वर येते तेव्हाचा उग्र, थोडा किळसवाणा, आणि पाक उतरायच्या वेळेचा असा, की रस्त्याने जाणारा माणूस बोलता बोलता थांबतो. मी पुस्तक उघडून बसलेली असते. वास आला की डोळ्यांपुढे आत्याचे हात येतात: काळेसावळे, मनगटापर्यंत गोंदलेले, एका हातात कापडाची वात, दुसऱ्या हातात शेळीच्या दुधाची वाटी.

आमच्याकडे आत्याचं नाव निघालं की आई म्हणते, वन्संना जनावरांचं वेड. वडील काही म्हणत नाहीत. त्यांनी गाव सोडून इंजिनियरचा कोट चढवला तेव्हापासून बहिणीविषयी बोलायला त्यांना थोडं अवघड जातं. वेड हा शब्द मला पटत नाही. वेडात एक प्रकारची भूल असते. आत्याला भूल म्हणून नव्हती.

ऊस म्हणजे नुसता ऊस नसतो हे मला तिच्याकडे कळलं. वर्षभर उभ्या राहिलेल्या फडात कितीतरी जणांनी घर केलेलं असतं. रानमांजरं, मुंगसं, ससे, घोरपडी, तितर, आणि कोल्हे. बाहेरून पाहावं तर हिरवी भिंत. लढाईची ती वर्षं. आमच्या भागात सरकारविरुद्ध उठलेली माणसंही उसात राहत, आणि पोलीस फडाच्या कडेला येऊन काठीने पाती हलवून परत जात. आत शिरायचं धाडस कुणाला नसे. मग मार्गशीर्षात कोयते लागत. एकेक सरी आडवी होऊ लागली की आतल्यांची धांदल उडे. मोठी पळून जात. ज्यांना पळता येत नसे ती उरत. तोड झाली की बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या खोडव्यासाठी तात्या पाला पेटवून देत, आणि बांधाच्या बिळांत जे उरलं असेल त्याचं नशीब.

त्या दिवशी बांधाच्या बिळापाशी कोल्हीण मरून पडली होती. बापूला आतून आवाज आला म्हणून त्याने हात घातला. एकच जिवंत निघालं. पुढचा उजवा पंजा भाजलेला, अर्धा कान गेलेला. बापू ते घेऊन सरळ आत्याकडे आला. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, असं काही सापडलं की ते सुभेदारीणबाईंकडे न्यायचं. सुभेदार म्हणजे तिचे यजमान, आमचे मामा. ते लढाईवर होते. आधी कुठल्याशा वाळवंटात, मग इटलीत. इटली कुठे आहे असं आत्याने मला एकदा विचारलं. मी नकाशा काढून दाखवला. ती बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसली आणि म्हणाली, ‘पायताणावानी हाय की.’

परड्यात तिने डालगी उपडी घातलेली असत. कोंबड्या झाकायची तीच बुरुडाची डालगी, पण खाली कोंबडी असेलच असं नाही. एकाखाली पंख मोडलेला पिंगळा होता. दिवसभर झोपून संध्याकाळी डालग्याच्या भोकांतून एकच डोळा लावून बघत असे. मला तो आमच्या शाळेच्या मुख्य बाईंसारखा वाटायचा. तुळशीमागे पाण्याच्या मोडक्या काहिलीत एक कासव होतं, त्याच्या पाठीला गाडीचं चाक लागून तडा गेलेला. आत्याने त्या तड्यात मेण भरलं होतं. ते टिकलं नाही. मग डिंक लावला, तोही टिकला नाही. शेवटी ती म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या, त्येचं त्ये भरून काढंल,’ आणि खरंच त्याचं ते भरून येत होतं. तिला सगळं येत होतं असं मुळीच नाही. एका सशाच्या पिलाला म्हशीचं दूध पाजून तिने मारलं होतं. शिक्र्याच्या पिलाला दूधभाकर चारायला गेली होती. हे सगळं ती हसत सांगे, पण सशाचं सांगताना हसणं मध्येच थांबे. चुकली म्हणून तिने हात आखडता घेतला नाही, एवढंच. पुढचं पिलू आलं की ती पुन्हा पदर खोचून बसे. मला याचं किती नवल वाटायचं हे आज सांगता येतं. आम्हाला शाळेत न चुकण्याची इतकी सवय लावली होती की ज्यात चुकू शकेन असं काही मी करतच नसे.

नाव न ठेवण्यामागे एक हरिणी होती. मी येण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. माळावर सापडलेलं पाडस, आत्याने शेळीला लावून वाढवलं, आणि नाव ठेवलं सोनी. हाक मारली की सोनी कुठूनही येई. मोठी झाल्यावर डोंगराकडे गेली, तिथे तिला सोबतही मिळाली, पण हाक ऐकली की अजून खाली उतरे. गावभर सगळ्यांना तिचं कौतुक. मग कुणाच्या तरी लग्नाला आलेल्या पाहुण्यांनी ते कौतुक ऐकलं. डोंगराखाली उभं राहून त्यांनी हाक मारली. ती आली.

आत्याने ही गोष्ट मला एवढ्याच शब्दांत सांगितली. ‘ती आली’ म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

तेव्हापासून परड्यातल्या कुणालाच नाव नाही. सगळे पाहुणे. पिंगळा पाहुणा, कासव पाहुणं, आणि आता ही पाहुणी.

पाहुणीवरून घरात वाद नव्हता असं नाही. उसाच्या घरात कोल्हा! कांड्या चावून रस चोखणारा, चावलेला ऊस आंबवून टाकणारा, कोंबड्यांचा काळ. बापू रस उकळताना काहिलीवरून मोठ्याने म्हणायचा, सुभेदाराच्या घरात चोर पोसलाय, आता सरकारला कळवावं लागतंय. तात्या जेवायला बसले की परड्याकडे पाठ करून बसत. एकदा मात्र ते स्पष्टच बोलले, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. माणसाला न भिणारा कोल्हा गावात राहिला तर कुणाच्या तरी कुत्र्यांच्या किंवा कुऱ्हाडीच्या तोंडी जाणार. आणि तोड संपली की उसातले कोल्हे डोंगर धरतात. हिला जायचं असेल तर त्यांच्याबरोबरच जायला हवं, एकटीचा तिथे निभाव लागायचा नाही. ‘फड उभा हाय तवर तिचं काय करायचं त्ये करा, वैनी,’ ते म्हणाले. ‘फड पडला की मला काय इचारू नगा.’

म्हणजे तो सगळा हंगाम असा होता. एकीकडे रोज ऊस कमी होत होता, एकीकडे पाहुणी वाढत होती. सकाळी उठून मी आधी फडाकडे बघायची. हिरवी भिंत रोज थोडी मागे सरकलेली असायची आणि तिच्यामागचा डोंगर थोडा जास्त दिसायचा. माझा ताप उतरला होता. परत न्यायला येऊ का असं वडिलांनी विचारलं, तर मी अजून अशक्तपणा आहे असं कळवलं.

पंजा कोरफडीच्या गराने बरा झाला. दात आले तशी वात गेली, वाटी आली, मग उंदीर, बोरं, ओढ्यातले खेकडे. खेकड्याने तिचं नाक धरलं त्या दिवशी तात्यांनी पहिल्यांदा परड्याकडे तोंड करून जेवण केलं. आत्या आता तिला हात लावत नसे. भूक लागू द्यायची, खाणं पाचटात पुरून ठेवायचं, शोधू द्यायचं. आणि जो खायला घालेल त्याने नंतर ढेकूळही मारायचं, म्हणजे माणूस चांगला असतो असं तिच्या डोक्यात बसायला नको. हा नियम आत्याचाच, पण तिचा हात उचलत नसे. मग ते काम तात्यांकडे गेलं. तात्या गोफणीने उडती पाखरं टिपणारे म्हणून प्रसिद्ध होते. त्यांचं एकही ढेकूळ तिला लागलं नाही. दरवेळी हातभर अंतराने चुकायचं, आणि चुकलं की ते बापूकडे बघून म्हणायचे, नजर गेली गड्या माझी.

मलाही एक काम मिळालं. पाहुणीला पाणी ठेवणं, डालगं उचलणं, आणि पुढे तिला दोरीने बांधून फडाच्या कडेला फिरवून आणणं. ते मला का दिलं हे आत्याने सरळ सांगितलं. ‘बाकीच्यांची त्वांडं चालूच असत्यात. तिला माणसाच्या आवाजाची सवय नको. तू बोलत न्हाईस, तूच बरी.’

माझ्या न बोलण्याचं आजवर कुणी काही बरं म्हटलं नव्हतं. शाळेतल्या बाई त्याला हट्ट म्हणत, आई गर्व म्हणे, नातेवाईक म्हणत इंग्रजी मैना मराठीत बोलत नाही. आत्याला ते उपयोगी वाटलं. पाण्याच्या कळशीइतकं साधं, उपयोगी. मी रोज दुपारी त्या अर्ध्या कानाच्या प्राण्याबरोबर बांधाने चालत असे, दोघींपैकी कुणी एक शब्द न बोलता. उन्हात तिची पाठ सोनेरी दिसे. फडाच्या तोंडाशी ती थांबून आतला वास घेई, आणि तिच्या अंगावरून दोरीत, दोरीतून माझ्या मुठीत एक थरथर येई. आत तिचे लोक होते. संध्याकाळी ते ओरडायला लागले की ती डालग्याखाली गप्प बसून ऐके. कोल्हेकुई हा शब्द आपण किती तुच्छतेने वापरतो. त्या परड्यात बसून ऐकलेली कोल्हेकुई निराळी होती. एकजण सुरुवात करी, दुसरा उचले, आणि मग सगळा फड जणू तिला विचारत राही.

आत्या मात्र बोलत असे, तिला ते टाळता येत नव्हतं. खाणं ठेवताना मांडीवर हात आपटून ‘ये, ये, ये’ म्हणायची. कोंबड्यांना, गाईगुरांना, आम्हाला, सगळ्यांना तिची तीच हाक. त्यात काही वावगं आहे हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मागच्या महिन्यात मी आत्याकडे जाऊन आले. मामा आता घरी असतात. लढाईहून आले तेव्हा त्यांच्या एका कानाला ऐकू येत नव्हतं. त्या कानाशी बसून कुणी तक्रार करायला लागलं की ते खुशाल मान डोलावतात. मी गेले तेव्हा सोप्यात पाठमोरे बसून ते कुणाला तरी फौजी हिंदीत दम भरत होते. जवळ जाऊन पाहिलं तर समोर शेपटी तुटलेली घोरपड. आत्या म्हणाली, आले त्या दिवशी म्हणाले होते, हे सगळं बंद करायचं. आता रोज सकाळी तिला हजेरीला उभी करतात. आत्याचे केस पिकले आहेत, वाकून बसलं की उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. पण डालगी आहेत. नवी आहेत. एकाखाली काय होतं ते तिने मला उचलून दाखवलं नाही. झोपलंय, म्हणाली.

निघताना ती नेहमीसारखी उंबऱ्याशी आली. मी म्हटलं, येते. ती म्हणाली, ये. गाडीत बसल्यावर मला तो फड आठवला, आणि हे लिहायचं तेव्हाच ठरलं.

आपल्याकडे कुणी ‘जाते’ म्हणत नाही. जाणारा म्हणतो येतो, आणि मागे राहणारा म्हणतो या. तान्ह्या पोरालाही कळतं की उंबऱ्यावर ‘जा’ म्हणायचं नसतं. जा हा शब्द कायमच्या जाण्यासाठी राखून ठेवलेला आहे, आणि ज्याची वाट पाहायची आहे त्याच्या कानावर तो पडू द्यायचा नाही. आमच्या शाळेच्या भाषेत जाणं हे नुसतं जाणं असतं. मला वाटे, तिथे निरोप सोपे असतात.

फाल्गुन संपत आला तेव्हा सगळं रान मोकळं झालं होतं. नदीकडच्या बाजूला काही सऱ्या तेवढ्या उभ्या होत्या. बापू म्हणाला, एवढं आटपून टाकू, उद्या घाणा उचलू. तात्या म्हणाले, ते बेण्याला ठेवलंय. लागणीला बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या, लागतात हे खरं, पण बेणं त्यांनी आधीच दुसरीकडे काढून ठेवलं होतं, सगळ्यांनी पाहिलं होतं. बापूने मान खाली घालून चुलाणातली राख सारखी केली. मग पंधरवडाभर तात्या रोज सकाळी त्या सऱ्यांकडे जाऊन येत आणि बेण्याला अजून अवकाश आहे असं सांगत. उसाला तुरे आले होते, रस उतरत होता. शेतकऱ्याच्या जिवाला ते कसं लागत असेल ते मला आता कळतं.

त्या पंधरवड्यात आम्ही तिला सोडायला जात असू. दिवस मावळायच्या वेळी, आतून पहिली कुई उठली की. आत्या पुढे, मी दोरी धरून, तात्या मागे ढेकूळ घेऊन. दोरी काढली. ती आत शिरली, पाती हलली, थांबली. आत्याने पदराने डोळे टिपले, हात जोडल्यासारखे केले आणि उंबऱ्यावर म्हणावं तसं म्हणाली, ‘बरं हाय. ये मग.’

ती उड्या मारत बाहेर आली आणि आत्याच्या पायाशी बसून खाण्याची वाट बघू लागली.

तात्या हसून हसून बांधावरच बसले. ‘वैनी, तिला निरोप देताय का जेवाय बोलवताय?’

दुसऱ्या दिवशी आत्याने न बोलायचं ठरवलं. तोंडात पदर घातला. पण पाहुणीने कडेला जाऊन मागे वळून पाहिलं, आणि आत्याच्या तोंडून ते निघूनच गेलं. घरून कुणाला मुक्याने कसं लावून द्यायचं? तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तेच. एकदा तर ती आत बरीच लांब गेली होती, दुसऱ्या कुणाचा तरी गुरगुराटही ऐकू आला. तेवढ्यात मागून ‘ये गं बाय’ आलं. तात्या आता हसत नव्हते. ते म्हणाले, वैनी, एकदा तोंडानं जा म्हणा की. दम देऊन म्हणा. जनावराला कळतं.

आत्या त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, ‘त्येवढं सांगू नगा भावजी. तुमच्या भावाला लावून दिलं तवा बी म्या या म्हटलंय. हितनं कुणाला जा म्हटलं न्हाई मी.’

तात्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. स्वतः त्यांनाही तो शब्द म्हणता आला नाही, हे माझ्या लक्षात आलं. त्यांचाही भाऊ होता तो.

मग तोडणारे आले. त्यांना पुढच्या गावचा वायदा होता, बैल थांबणार नव्हते, आणि बेण्याची सबब संपली होती. सकाळी कोयते लागणार होते. त्या संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा आतले कोल्हेही अस्वस्थ होते. कुई नेहमीच्या जागेवरून येत नव्हती, डोंगराच्या कडेकडून येत होती. काही जण निघालेच होते. पाहुणीने ऐकलं. तिने दोरीला असा हिसका दिला की माझ्या तळव्याला ती कापली. मी गाठ सोडली.

ती गेली. फडाच्या तोंडाशी पोचली, एक पाय आत टाकला, आणि थांबली. अर्धा कान मागे वळला. मग डोकं वळलं. भाजलेला पंजा हवेतच होता. ती आत्याकडे बघत होती, कारण आता काहीतरी म्हटलं जातं हे तिला ठाऊक झालं होतं.

आत्याने दोन्ही हातांनी पदर तोंडावर दाबून धरला होता. तिचे खांदे हलत होते. तात्यांच्या मुठीतलं ढेकूळ कधीच चुरून गेलं होतं, माती बोटांतून गळत होती, आणि ते फेकायला हात वर करत नव्हते. डोंगराकडून पुन्हा कुई आली, आधीपेक्षा लांबून. पाहुणीने पंजा खाली ठेवला, बाहेरच्या बाजूला.

त्या संध्याकाळी तिथे उभी असताना मला कळलं की तो शब्द मलाही सहजासहजी म्हणता येणार नाही. चार महिने त्या उंबऱ्यावर राहून तो माझाही राहिला नव्हता. आत्याने पदराआडून एक श्वास घेतला, बोलण्याच्या आधी घेतात तसा.

मी आत्याच्या पुढे जाऊन उभी राहिले. हात वर केला. आवाज बाहेर आला तो माझा आहे असं मला वाटलं नाही, इतका मोठा होता.

मी म्हटलं, ‘जा.’